बिनखुणेची चावी

बुधवार, ७ जानेवारी १९९८

ही डायरी बारदानवाल्याने दिली. गेल्या वर्षीची कोरीच रद्दीत गेली. यंदा लिहिणार आहे, कारण मला कोण केव्हा फसवतं हे तारखेनिशी माझ्याजवळ असलं पाहिजे.

आज दुपारी मार्केटमधून निघताना डिकीतली पिशवी काढायला हौसेरावकडून गाडीची चावी मागून घेतली. हातात घेतली आणि तिथंच थांबलो. ही माझी चावी नाही. दसऱ्याला गाडी आणली तेव्हा दोन चाव्या मिळाल्या होत्या, दोन्हींच्या मुठीवर कंपनीची चंदेरी खूण. एक ड्रायव्हर म्हणून हौसेरावकडे दिली. दुसरी माझ्या लोखंडी कपाटात, आकडा छापलेल्या प्लास्टिकच्या कार्डासोबत. आणि ही नुसती काळी, बिनखुणेची.

"ही कुठली?"

"गाडीचीच हाय, साहेब."

"पहिली कुठाय?"

त्यानं डिकी लावून घेतली. मग म्हणाला, "हरवली. म्हणून नवी करून घेतली."

"कधी?"

"झाला म्हैना."

"कुठं हरवली?"

फडकं काढून काच पुसायला लागला. महिनाभर हा माणूस दुसरीच चावी घेऊन मला पहाटे तुर्भ्याला सोडतोय, दुपारी परत आणतोय, आणि मला पत्ता नाही. आमच्या कोरेगाव तालुक्यातला म्हणून ठेवला. गाववाला ठेवला की असंच होतं.

घरी हिला सांगितलं. मंजुषाने भाकरी उलटली आणि म्हणाली, "गाडी जागेवर आहे ना? मग चावीचं एवढं काय?"

पंधरा वर्षं कांद्याचा गाळा चालवतोय. तिन्ही शटरना दोन-दोन कुलपं आहेत. माल जागेवर असतो तो कुलपामुळं, माणसांच्या चांगुलपणामुळं नाही. हे बायकांना सांगून उपयोग नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

दोन्ही चाव्या माझ्याकडे घेतल्या. हौसेरावने लागेल तेव्हा मागायची आणि उतरलो की परत द्यायची. हा माणूस काय करू शकतो हे मला स्वतः बघायचं होतं, म्हणून डेपोबाहेरच्या चावीवाल्याला सोसायटीत बोलावलं. कपाटातली चावी त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, हिची नक्कल कर. दहा मिनिटांत घासून दिली. दार उघडलं. डिकी उघडली. म्हणजे कोणीही करू शकतो!

हौसेरावला म्हटलं, चालू कर. (मला चालवता येत नाही. गरज पडली नाही.) इंजिन चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद. पुन्हा चालू, पुन्हा बंद. समोर एक लाल दिवा लुकलुकत राहिला. चावीवाला कानशील खाजवत म्हणाला, "साब, चाबी तो एकदम सही है. गाडीच मना कर रही है."

त्याला हाकलला. वर आल्यावर हिला म्हटलं, हौसेरावने इंजिनात काहीतरी करून ठेवलंय.

"चिप नसेल त्या चावीत," ही म्हणाली.

"तुला काय माहीत?"

"पेपरात आलं होतं."

घरी येतो तो पेपर मीही वाचतो. मला दिसलं नाही.

शनिवार, १० जानेवारी

महाप्याला कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. साहेबाला भेटायचंय म्हटलं तर एक पोरगी पुढं आली. चारुलता नाव, तेविसेक वर्षांची, निळा कोट, हाताला ग्रीस. म्हणे इलेक्ट्रिकल मीच बघते. माझ्या गाडीचं आता हीच बघणार.

पण सांगितलं मात्र नीट, तेवढं लिहितो. चावीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. तिला बॅटरी नसते. चावी घालून फिरवली की कुलपाभोवती तांब्याच्या तारेचं कडं असतं, त्यातून तिला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला नंबर सांगते. नंबर ओळखीचा असला तर गाडी पेट्रोल सोडते, नसला तर बंद. दात कितीही अचूक घासा, चिप नसली तर ती चावी फक्त दार उघडते. चोर लोक तारा जोडून गाड्या पळवायचे, त्यावर हा उपाय.

"मग ही काळी चावी कशी चालते?"

"ती इथंच शिकवलेली आहे. नवी चावी शिकवायची तर कार्डावरचा आकडा लागतो. आणि ज्या चाव्या चालू ठेवायच्या त्या सगळ्या एकाच वेळी इथं आणाव्या लागतात. जी समोर नसेल तिचा नंबर पुसला जातो."

तिनं स्टिअरिंगखाली वायर लावली, हातातल्या यंत्राचं बटण दाबलं. "दोनच चाव्या आहेत गाडीच्या डोक्यात. ही काळी आणि तुमची कपाटातली. हरवलेली होती ती मेली. कोणाला सापडली तरी गाडी नेता येणार नाही. ज्यानं हे करून घेतलं त्यानं तुमच्या गाडीची काळजीच केलीय."

"कोणी करून घेतलं? नाव सांगा."

ती कागदांची फाईल चाळत होती. मध्येच थांबली.

"तुमच्या घरात आणखी कोण गाडी चालवतं?"

"कोणी नाही. ड्रायव्हर आहे ना."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग फाईल मिटली आणि वर हात ठेवला. "जॉब कार्ड ठाण्याच्या ऑफिसला जातात, साहेब. अर्ज द्यावा लागेल."

ग्राहकाशी बोलायची ही रीत? अर्ज देऊन आलो.

रात्री कागदावर मांडलं. नवी चावी करायला कपाटातली चावी आणि कार्ड, दोन्ही न्यावं लागलं. म्हणजे हौसेरावने माझं कपाट उघडलं. कपाटाची एक किल्ली माझ्या करगोट्याला. दुसरी हिच्या जुडग्यात, आणि तो जुडगा ही झोपतानाही उशाखाली घेते, तिच्याकडून जाणं शक्य नाही. म्हणजे ही आंघोळीला गेली असताना त्यानं जुडगा उचलला. दुसरा मार्गच उरत नाही.

ती पोरगी म्हणते काळजी केली. पहिली चावी विकली, मग गिऱ्हाईक फसल्यावर अंगाशी येऊ नये म्हणून ती मारून टाकली, असंही असू शकतं. चोराची अक्कल तिला काय कळणार.

रविवार, ११ जानेवारी

सकाळी गाडी स्वतः तपासली. आजवर डोळे मिटून मागं बसत होतो, ही माझी चूक.

एक, ड्रायव्हरची सीट चांगली वीतभर पुढं ओढलेली, खटका अडकल्यासारखी, मागं सरकतच नाही. हौसेराव सहा फुटी. एवढ्या पुढं बसून त्याचे गुडघे कुठं जात असतील? मुद्दाम केलंय, नजर चुकवायला. दोन, मधला आरसा खाली वळवलेला. तीन, मॅटखाली वाळलेला चिखल, राखाडी, खाडीकडचा. चार, किलोमीटर. वाशी ते तुर्भे जाऊन-येऊन जेवढे व्हायला हवेत त्याच्या चौपट. म्हणजे मी गाळ्यावर असताना हा उरणकडे भाडी मारतो.

जेवताना हिला सांगितलं. हिनं आणखी भात वाढला. कालवण सुक्या कोळंबीचं होतं, चांगली होती. कुठून आणली विचारलं तर म्हणाली, "मोऱ्याची आहे." उरणच्या मोऱ्याची कोळंबी वाशीत केव्हापासून यायला लागली? वाढताना बघितलं, हिचा उजवा हात कोपरापर्यंत काळवंडलाय, डावा आहे तसाच गोरा. विचारलं.

"गॅलरीत कपडे वाळत घालते ना. ऊन लागतं."

थोड्या वेळानं म्हणाली, "हौसेरावचं राहू द्या आता. त्यानं चोरी केली नाही."

"तुझा काय संबंध? घरात बसून तुला माणसं कळतात?"

सोमवार, १२ जानेवारी

चौकीत तक्रार दिली. फौजदार ओळखीचा आहे, दिवाळीला फराळ जातो. म्हणाला, "एफआयआर नको, चौकशीला बसवतो. दोन दिवसांत बोलेल." हौसेरावला मीच घेऊन गेलो. गाडी चालवत तोच आला. चौकीसमोर हॅन्डब्रेक ओढला, दोन्ही काचा वर केल्या, चावी माझ्या हातात दिली आणि आत गेला. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, याचाच मला जास्त राग आला.

गाडी चौकीसमोरच उभी राहिली. रिक्षाने आलो.

हिला सांगितलं, संक्रांतीला म्हणून हौसेराव गावी गेला आणि गाडी सर्व्हिसिंगला दिलीय. उगाच रडारड नको.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. गाळा बंद. चौकीत फोन केला. फौजदार म्हणाला, "तुमचा माणूस चिवट आहे, शेठ. तळपायावर दिले तरी एकच, चावी हरवली. कुठं? गप्प. कपाट कोणी उघडलं? गप्प."

मी म्हटलं, बघा अजून.

हिनं तिळाच्या वड्या केल्या. एका डब्यात वेगळ्या काढून ठेवल्या. कोणासाठी? म्हणाली, "हौसेरावच्या मुलांसाठी. गावाहून आला की देईन."

माझ्या हातावर वडी ठेवताना नेहमीचं काही बोलली नाही. मीही नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

सगळं लिहितो. 

साडेअकराला गाळ्यावर फोन. फौजदार. आवाज वेगळाच. "शेठ, जरा या. तुमच्या मिसेस इथं बसल्यात."

मला वाटलं अपघात झाला. गेलो. बाकावर ही बसलेली, डोक्यावरचा पदर पडलेला, मांडीवर पर्स. शेजारी हौसेरावची बायको शालन. सकाळी ती आमच्या दारात आली होती, नवरा चार दिवस घरी नाही म्हणून विचारायला. हिनं तिला सांगितलं, तो तर गावी गेलाय. शालन म्हणाली, वहिनी, चौकीत आहे असं त्याच्याबरोबरचे ड्रायव्हर सांगतात. ही तिथल्या तिथं चपला घालून निघाली.

फौजदार म्हणाला, "सांगा बाई, यांच्यासमोर सांगा."

ही उठली. माझ्याकडे न बघता त्याला म्हणाली, "चावी मी हरवली. उरणकडं द्रोणागिरीला, डिसेंबरच्या चार तारखेला, हे एसटीनं गावी गेले होते तेव्हा. मी गाडी चालवत होते. उतरून फोटो काढला, चावी चिखलात पडली. दोन तास शोधली. मग मी रिक्षानं घरी आले, कपाटातली चावी आणि कार्ड घेऊन गेले, गाडी महाप्याला नेली आणि नवी करून घेतली. बिलावर माझी सही आहे. कपाट मी उघडलं. माझ्या किल्लीनं."

"तू गाडी चालवत होतीस?" मी म्हटलं.

"हो."

"तुला कोणी शिकवलं?"

"हौसेरावनं. तुम्हाला सोडून आला की दहा ते एक. तिकडं रस्ते रुंद आहेत, घरं अजून झालेली नाहीत." तिनं पर्समधून काहीतरी काढून फौजदाराच्या टेबलावर ठेवलं. लायसन्स. फोटोत ती हसतेय.

हवालदार बघत होते. चहावाला बघत होता.

"कशासाठी? काय कमी होतं तुला? कुठं जायचं होतं, माणूस होता ना न्यायला?"

"कुठं जायचं नव्हतं. मला आवडतं."

"महिनाभर माझ्या घरात बसून—"

"सहा महिने," ती म्हणाली. "दसऱ्याच्या आधी भाड्याच्या गाडीवर शिकले. त्याआधी गाडी बुक करताना शोरूममध्ये तुम्हाला विचारलं होतं, मी शिकू का. तुम्ही चारचौघांत हसलात. तिथल्या माणसालाही हसायला लावलंत." आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "त्याला बाहेर आणायला सांगा. आत्ता."

मला शोरूममधलं काही आठवत नाही. पेढे वाटले एवढं आठवतं.

हौसेरावला आणलं. टाचा टेकत नव्हत्या, भिंत धरून आला. हिला बघितलं आणि म्हणाला, "वहिनीसाहेब, तुमी कशाला आला?"

ही रडली. त्याच्यासाठी रडली. मला आलेली छातीतली कळ तिला दिसलीसुद्धा नाही.

फौजदारानं डोळ्यानं खूण केली, मिटवून टाका. मी म्हटलं, माझी तक्रार नाही. आणखी काय म्हणणार होतो? मग माझ्यासमोर, अख्ख्या चौकीसमोर, हिनं माझ्यापुढं हात पसरला. चावी दिली. हौसेरावला मागं बसवलं, शालनला त्याच्याजवळ. सीट पुढं ओढलेली होतीच. गाडी मागं घेतली, एकदाही अडली नाही, आणि दवाखान्याकडे गेली.

मी रिक्षाने आलो.

शनिवार, १७ जानेवारी

कपाटाचं कुलूप बदललं. जुडगा मागितला, तिनं लगेच दिला. दोन्ही चाव्या आणि कार्ड आत टाकलं. गाडी खाली उभी.

जेवण वाढते. विचारलं तेवढं बोलते.

बुधवार, २१ जानेवारी

हौसेरावकडे कोपरखैरण्याला गेलो. कोणाला सांगून गेलो नाही. झालं ते झालं, माणूस चांगला आहे, परत कामावर ये असं सांगणार होतो. पगार वाढवायचीही तयारी होती.

एक खोली. तो कॉटवर, दोन्ही पावलांना पट्ट्या. मला बघून उठायला लागला, शालननं खांद्यावर हात ठेवून त्याला बसवलं.

म्हटलं, "तू सांगितलं का नाहीस रे? एका वाक्याचं काम होतं."

"कसं सांगणार, साहेब? तुमच्या घरातली गोष्ट. फौजदारापुढं?"

"मला तरी सांगायचंस. मी विचारलं होतं तुला."

"तुमी कुठं विकली, किती जणांना विकली, एवढंच विचारत व्हता. त्याचं उत्तर माज्याकडं नव्हतं."

मी कामाचं बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, पाय बरे झाले की बंदरात ट्रेलर चालवायला जाणार आहे, बोलणं झालंय. मग जरा हसला. "वहिनीसाहेबांचा हात लई चांगला हाय. गिअर टाकताना आवाज न्हाई. माज्यापेक्षा चांगली चालवत्यात. तुमी एकदा बसा त्यांच्या शेजारी."

मला हे ऐकायला तिथं बोलावलं होतं का कोणी?

शालननं चहा दिला. तिनं पातेलं आपटलं नाही, कप सरळ ठेवला. पण मी पिऊन होईपर्यंत तिथंच उभी राहिली, आणि रिकामा कप उचलून दाराच्या पायरीवर, माझ्या देखत, राखेनं घासून काढला. दोनदा. मग आतून हौसेरावचा पांढरा युनिफॉर्म आणला, धुऊन, इस्त्री करून, कागदात बांधलेला.

"ह्ये तुमचं," म्हणाली. "आमच्याकडं तुमचं आता काय न्हाई."

तो गठ्ठा घेऊन रिक्षात बसलो. आता कोणाच्या मापाचा आहे तो?

सोमवार, २ फेब्रुवारी

ठाण्याहून अर्जाचं उत्तर आलं, जॉब कार्डाची झेरॉक्स जोडलेली. ४ डिसेंबर. सही मंजुषाची, पूर्ण नाव. खाली इंजिनिअर म्हणून चारुलताची. म्हणजे त्या दिवशी फाईलवर हात ठेवला तेव्हा तिला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं. हौसेराव, ती पोरगी, मोऱ्याच्या कोळणी, द्रोणागिरीचे वॉचमन, सगळ्यांनी माझी बायको गाडी चालवताना बघितली. फक्त मी नाही.

नवा ड्रायव्हर ठेवला. दारू पितो.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

ही म्हणाली, उद्यापासून सकाळी नऊ ते एक बाहेर असेन. वाशीतल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलला बायकांना शिकवायला बाई हवी होती. ठरलं.

"ठरलं? कोणी ठरवलं?"

"मी."

"माझ्या घरात राहायचं असेल तर हे चालणार नाही."

"राहतेच आहे," ती म्हणाली, आणि भांडी आवरायला गेली.

मी आत जाऊन दार लावून घेतलं.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

ड्रायव्हर आला नाही. गाडी धुळीत. हातानं काच पुसली. आत बसलो, चावी फिरवली. तो लाल दिवा पेटला, विझला, इंजिन चालू झालं. ओळखलं तिनं. पण मला पुढं काय करायचं ते माहीत नव्हतं. बंद केली आणि वर आलो.

बुधवार, ४ मार्च

आजचं एवढंच.

ड्रायव्हरला काढला. दुपारी बारालाच मार्केटहून रिक्षाने येत होतो. सेक्टर नऊच्या वळणावर पुढं ट्रेनिंगची गाडी बंद पडली. पत्रा ठोकलेली, छपरावर लाल अक्षरात एल. मागं आम्ही, आमच्या मागं बस, टेम्पो. सगळे हॉर्न मारायला लागले. स्टिअरिंगवर एक जाड बाई होती, घाबरून दोन्ही हात वर केलेले. शेजारी मंजुषा.

मागच्या काचेतून दिसत होतं. ती वळून हॉर्नवाल्यांकडे बघत नव्हती. त्या बाईच्या हातावर हात ठेवून काहीतरी सांगत होती, सावकाश, जणू रस्त्यावर दुसरं कोणीच नाही. माझ्याशी ती अशी कधी बोलली असेल तर मला आठवत नाही. गाडी सुरू झाली, पुन्हा गचका खाऊन बंद.

रिक्षावाल्यानं अंगठा हॉर्नवरच ठेवला. "लेडीज को लायसन देता कौन है, शेठ? घर में बिठाने का इनको."

"हॉर्न बंद कर," मी म्हटलं.

"अरे शेठ, पूरा ट्रॅफिक—"

"बंद कर म्हटलं ना! शिकतायत. थांब."

त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. मी असं का म्हणालो, मला माहीत नाही. ती ओळखीची आहे असं काही मी त्याला सांगितलं नाही.

तिसऱ्या वेळी ती बाई निघाली. हळूहळू, मध्ये वाकडी होत, पण निघाली. वळणावर हिनं खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना खूण केली, थांबा. अख्खी रांग थांबली. आम्हीही थांबलो.